छोट्या बागेतली चेरी: उंच गेलेलं झाड, थांबलेली फळं आणि तीन उन्हाळ्यांची छाटणी

पार्श्वभूमी

घरामागे आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद एवढीच मोकळी जागा. एका कोपऱ्यात, कुंपणापासून साधारण दोन मीटरवर, गोड चेरीचं एकच झाड. उरलेल्या जागेत भाजीचे चार वाफे आणि एक बाक. घरात वडील आणि मुलगी. ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे काका आणि ताई एवढंच म्हणतो. झाड काकांचं, चौदा वर्षांपूर्वी कमरेएवढं रोप आणून त्यांनी लावलेलं. वाफे ताईंचे. पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी या दोन गोष्टी समोरासमोर आल्या, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रोपाबरोबरची चिठ्ठी केव्हाच हरवली होती. जात कोणती, कलम कोणत्या खुंटावर (खाली मुळं देणाऱ्या रोपावर) बांधलेलं, याची कुठेच नोंद नव्हती. फळ गडद लाल, बदामी आकाराचं, एवढं काकांना पक्कं आठवत होतं. हवामान चेरीला मानवणारं. बहुतेक जुन्या गोड जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे साधारण ७०० ते १२०० तास मिळावे लागतात, नाहीतर डोळे नीट फुटत नाहीत. इथे हिवाळा लांब आणि ओला असतो, त्यामुळे थंडी कमी पडल्याची शंका घ्यायचं कारण नव्हतं.

पहिली काही वर्षं झाडाला कोणी हात लावला नाही. ते सरळ वर गेलं. सातव्या वर्षापासून फळं येऊ लागली आणि काही वर्षं चांगली आली. मग शेजारी बांधकाम निघालं, फांद्या पलीकडे जातात अशी तक्रार आली, आणि घरच्यांनी एका माणसाला बोलावून भर हिवाळ्यात, पाऊस चालू असताना, खोड आणि सगळ्या मुख्य फांद्या चार मीटरवर एका रेषेत कापून घेतल्या. पुढच्या वसंतात फुलं कमी आली. त्यानंतरच्या दोन्ही वसंतांत फुलं भरपूर आली, पण फळ जवळजवळ एकही धरलं नाही. झाड मात्र पुन्हा सात मीटरच्या घरात पोचलं.

मला बोलावलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर, फुलोरा संपून गेल्यावर. ताईंचा प्रश्न होता, "झाड ठेवायचं की काढायचं, एवढंच सांगा." काकांनी काहीच विचारलं नाही. ते झाडाखाली जाऊन उभे राहिले.

झाडाची अवस्था

जिथे जिथे फांद्या आडव्या कापल्या होत्या तिथून पानसोटांचे, म्हणजे जोरात वर जाणाऱ्या फुटींचे, झाडूसारखे झुबके निघाले होते. सरळ, गुळगुळीत, काही माणसाहून उंच, आणि त्यांच्यावर फुलाचा डोळा जवळजवळ नाही. या छपरामुळे आतल्या आणि खालच्या फांद्या अंधारात गेल्या होत्या. चेरीची फळं मुख्यतः दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड, गाठीसारख्या फळफांद्यांवर येतात. त्यांना स्पर म्हणतात. एकेका स्परावर फुलांचे डोळे झुपक्याने असतात आणि मधोमध एक पानाचा डोळा. ऊन मिळालं तर तोच स्पर वर्षानुवर्षं फळ देतो. ऊन तुटलं की मधला डोळा मरतो आणि ती जागा कायमची उघडी पडते, कारण चेरीचा फुलाचा डोळा फक्त फूल देतो, त्यातून नवी फूट येत नाही. सर्वांत खालच्या एका फांदीवर नखाने दाबून पाहिलं तर एकामागून एक स्पर कोरडे, कट्कन तुटणारे निघाले.

कुंपणाकडच्या फांदीवर, जुन्या कापाच्या थोडं खाली, डिंकाचे तांबूस मणी साचले होते. निव्वळ डिंक म्हणजे रोग असं नाही. चेरी कोणत्याही त्रासाला डिंक गाळूनच उत्तर देते. म्हणून डिंकाशेजारी सालीला चाकूने बारीक ओरखडा काढला. निरोगी सालीखाली ओलसर हिरवा थर दिसतो. इथे तपकिरी होता, आंबूस वास येत होता आणि तो डाग फांदीच्या बुडाकडे सरकत होता. जिवाणूजन्य कॅन्करची, म्हणजे साल कुजवणाऱ्या रोगाची, ही ओळख. ओल्या, गार दिवसांत केलेला काप हे या जिवाणूला सोपं दार. सिल्व्हर लीफ नावाचा बुरशीजन्य रोगही अशाच जखमांतून शिरतो. त्यात पानांवर रुपेरी झाक येते आणि फांदी आडवी कापली तर आत गडद डाग दिसतो. सुदैवाने तो इथे नव्हता. जिथे हिवाळा कोरडा असतो तिथले बागायतदार थंडीतही चेरी छाटतात. पण ओल्या हिवाळ्याच्या मुलखात छाटणी उन्हाळ्यातच, कोरड्या हवेत करायची असते.

हिवाळ्यातल्या छाटणीने आणखी एक गोष्ट केली होती. झाडाने मुळांत आणि खोडात साठवलेलं अन्न तसंच राहिलं आणि ते घ्यायला डोळे मात्र थोडेच उरले. वसंत आल्यावर सगळा जोर त्या मोजक्या डोळ्यांत गेला. झाड बुटकं करण्यासाठी केलेल्या कापानेच त्याला वर ढकललं. उन्हाळ्यात फळं उतरल्यावर छाटलं तर पानं अन्न साठवून ठेवण्याआधीच काही पानं निघून जातात आणि पुढची वाढ मवाळ होते.

फळं का थांबली

घरच्यांचा ठाम समज होता की त्या छाटणीने झाड बिघडलं आणि म्हणून फळं थांबली. पहिल्या वर्षापुरतं ते बरोबर होतं. फुलं धरणारं बरंचसं लाकूड कापून टाकलं होतं. पण पुढच्या दोन वसंतांत उरलेल्या फांद्यांवर फुलं भरपूर होती. फुलं असून फळ नाही, तेव्हा छाटणीपलीकडचं काहीतरी शोधायला हवं होतं. झाडाखाली देठासकट गळालेली, जेमतेम फुगलेली फळं अजून सापडत होती. फलन न झालेल्या फुलांची गळ अशीच दिसते.

मी काकांना विचारलं, "आजूबाजूला दुसरी चेरी होती का कधी?"

ते म्हणाले, "पलीकडे होती की. बांधकामात गेली."

त्यांच्या या उत्तराने अख्ख्या प्रकरणाची दिशा बदलली. शेजारचं झाड पडलं आणि आपलं झाड छाटलं गेलं, दोन्ही एकाच हिवाळ्यात. लोकांच्या लक्षात छाटणी राहिली, कारण ती आपल्या अंगणात झाली.

गोड चेरीच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. पराग आणि स्त्रीकेसर यांच्यात एक आनुवंशिक खूण असते. परागाची खूण स्त्रीकेसरातल्या खुणांपैकी एकीशी जुळली, तर ती परागनलिका वाटेतच थांबवली जाते. त्यामुळे नुसती दुसरी जात असून भागत नाही, तिचा गटही वेगळा लागतो. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या तीन प्रसिद्ध जाती एकाच गटातल्या आहेत; तिघी शेजारी लावल्या तरी एकमेकींना उपयोगी पडत नाहीत. हे कोडं सोडवण्यासाठी इंग्लंडमधल्या जॉन इनस संस्थेत क्ष-किरण दिलेल्या परागापासून स्वतःच्या परागाने फळणारी रोपं तयार झाली. त्यांतल्या एकाचा लॅम्बर्टशी संकर करून कॅनडातल्या समरलँड केंद्राने १९६८ मध्ये स्टेला ही जात दिली. स्टेला स्वतः फळतेच, शिवाय फुलोऱ्याची वेळ जुळली तर इतर गोड जातींनाही तिचा पराग चालतो. आंबट चेरीच्या मोरेलोसारख्या जाती तर मुळातच एकट्या फळतात.

म्हणजे आता दोन वेगळे प्रश्न होते. उंची आणि सावली हा एक, पराग मिळत नाही हा दुसरा. छाटणीने दुसरा सुटणार नव्हता, आणि दुसऱ्यावर उपाय न करता केलेली छाटणी घरच्यांना पुन्हा वायाच गेल्यासारखी वाटली असती.

विचारात घेतलेले पर्याय

झाड काढून बुटक्या खुंटावरचं नवं रोप लावणं, हा ताईंचा कल. हा पर्याय मला मुळीच वाईट वाटत नव्हता आणि तसं मी काकांच्या समोरच सांगितलं. जर्मनीतल्या गीसेन इथे निघालेल्या गिसेला ५ या खुंटावरची चेरी तीन मीटरच्या आसपास थांबते आणि दोन-तीन वर्षांत फळू लागते. आठ बाय सहाच्या बागेसाठी तीच योग्य. पण त्याच खड्ड्यात चेरीमागे चेरी लावली की नवं रोप अनेकदा खुरटतं, म्हणून जागा बदलावी लागली असती, आणि दुसरी उन्हाची जागा म्हणजे ताईंचे वाफे. शिवाय गिसेला ५ ची मुळं उथळ, तिला जन्मभर आधाराची काठी, चांगली माती आणि नियमित पाणी लागतं.

एकाच वर्षात झाड तीन मीटरवर आणणं, हा शेजाऱ्यांचा आग्रह. याला मी स्पष्ट नकार दिला. जाड लाकडावरचे मोठे काप चेरी सहज भरून काढत नाही. एका वर्षात पानांच्या पाव भागापेक्षा जास्त काढलं की झाड पुन्हा पानसोटांनी उत्तर देतं, आणि हे झाड एकदा तो अनुभव देऊन बसलं होतं.

उंची तशीच ठेवून नुसती विरळणी करणं हा तिसरा पर्याय. फुलोरा आणि सावली एवढंच हवं असेल तर तो सर्वांत कमी त्रासाचा. पण सात मीटरवरची फळं पक्षीच खातात. तिथे जाळी टाकता येत नाही आणि शिडीवरून तोडणी सत्तरीतल्या माणसाला झेपत नाही. झाड कुंपणाला पंख्यासारखं पसरवता येईल का, असंही ताईंनी विचारलं. ते कोवळ्या रोपाचं काम. चौदा वर्षांच्या खोडाला तसं वळवता येत नाही.

उरला तो टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा मार्ग: तीन उन्हाळे, दर वर्षी थोडं, आणि सोबत परागाचा बंदोबस्त. हा सर्वांत हळू आणि सर्वांत जास्त देखरेखीचा. निवड मी केली नाही. मी दोघांना इतकंच विचारलं की तीन वर्षांनीही हे झाड चार मीटरच्या खाली जाणार नाही आणि पुढेही दर उन्हाळ्यात छाटावं लागेल, हे चालेल का. काका लगेच हो म्हणाले. ताईंनी एक अट घातली. पहिल्याच वर्षी वाफ्यांवर थोडं तरी ऊन आलं पाहिजे. अट रास्त होती आणि पहिल्या वर्षीचे काप कुठे घ्यायचे ते त्या अटीनेच ठरवलं.

पहिला उन्हाळा

सर्वांत आधी कॅन्कर लागलेली फांदी. ढगाळ हवामुळे काम दोनदा पुढे ढकललं आणि सलग कोरडे दिवस लाभल्यावर करवत हातात घेतली. फांदी टप्प्याने कापली: आधी खालून अर्धवट खाच, मग थोडं पुढून वरून काप, म्हणजे वजनाने साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंटा शेवटी. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी असते, तिच्या बाहेरून काप घेतला. कडी कापली तर जखम बुजत नाही, आणि लांब खुंटा सोडला तर तो वाळून कुजतो. प्रत्येक कापानंतर आतलं लाकूड पाहिलं आणि तपकिरी डाग संपून स्वच्छ लाकूड लागेपर्यंत मागे गेलो. दर कापामागे पातं स्पिरिटने पुसलं. काकांनी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची का असं विचारलं. कोरड्या हवेतल्या स्वच्छ कापावर लेप लावल्याने जखम लवकर भरते असं दिसत नाही. काही जाणकार मात्र सिल्व्हर लीफच्या भीतीने चेरी आणि प्लम यांना अपवाद करतात. आम्ही काही लावलं नाही.

त्यानंतर पानसोट. इथे पहिला खरा निर्णयाचा प्रसंग आला. ताईंना सगळे काढून हवे होते आणि दिसायलाही तेच नीट दिसलं असतं. पण सगळे काढले की त्याच गाठींमधून पुढच्या वर्षी तितकेच नवे येतात. आम्ही वाफ्यांकडच्या बाजूचे आणि झाडाच्या मध्यातले सर्वांत जोरदार तेवढे बुडापासून काढले. बाकीच्यांपैकी मध्यम जाडीचे, बाहेरच्या बाजूला असलेले थोडे राखले आणि सुतळीने बाहेर वाकवून बांधले. उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत, पूर्ण आडवे नाही. पूर्ण आडव्या फांदीच्या पाठीवर पुन्हा उभे धुमारे उठतात. वाकलेल्या फांदीचा जोर ओसरतो आणि तिच्यावर स्पर धरायला लागतात. सुतळी सैल फासाने बांधली, म्हणजे साल कापली जात नाही, आणि हिवाळ्याआधी सोडली.

उंचीला त्या वर्षी एकच काप दिला. वाफ्यांकडे झुकलेली सर्वांत उंच फांदी तिच्या एका बाजूच्या फांदीपर्यंत उतरवली. ती बाजूची फांदी मूळ फांदीच्या एक तृतीयांशाहून जाड आहे ना, हे आधी पाहिलं. त्याहून बारीक असेल तर ती शेंड्याचं काम पेलत नाही आणि कापाभोवती पानसोट येतात. ताईंच्या दोन वाफ्यांवर दुपारपर्यंत ऊन आलं.

वसंतातली परीक्षा

परागाबद्दलचं निदान कितीही पटलं तरी ते अजून अंदाजच होतं. दुसऱ्या झाडाच्या किंवा कलमाच्या भानगडीत पडण्याआधी ते तपासून घेणं गरजेचं होतं. यात सगळ्यात जास्त रस काकांनी घेतला.

ओळखीच्या एका बागेतून, त्याच वेळी फुललेल्या दुसऱ्या जातीच्या चेरीच्या मोजक्या बारीक डहाळ्या आणल्या. फुलोऱ्याच्या दिवसांत मोठी फांदी तोडणं त्या झाडालाही बरं नाही. पाण्याच्या बादलीत त्या झाडाखाली ठेवल्या, म्हणजे मधमाश्या दोन्हींकडे फिरतील. याखेरीज एका फांदीला लाल दोरा बांधला आणि तिच्या फुलांवर काकांनी मऊ कुंचल्याने बादलीतल्या फुलांचा पराग लावला. दुसऱ्या फांदीला पांढरा दोरा बांधून तिच्यावर याच झाडाच्या फुलांचा पराग लावला. काम दुपारी, फुलं कोरडी असताना केलं. पांढऱ्या दोऱ्याला सुद्धा तितकाच हात लावणं महत्त्वाचं, नाहीतर कुंचल्याने फरक पडला की परागाने, हे कळत नाही.

मध्येच एका रात्री कडाका पडला. पूर्ण उमललेली चेरीची फुलं उणे दोन अंशांच्या आसपास मरू लागतात आणि उणे चारपर्यंत बहुतेक जातात. तेव्हा सकाळी काही फुलं उभी चिरून पाहिली. मधला स्त्रीकेसर काळा पडला असता तर परीक्षाच बाद झाली असती. थोड्यांचाच काळा होता, बाकी हिरवे होते.

काही आठवड्यांत उत्तर आलं. पांढऱ्या दोऱ्याची जवळजवळ सगळी फळं देठासकट पिवळी पडून गळाली. लाल दोऱ्याच्या फांदीवर झुपक्यागणिक दोन-तीन फळं टिकली आणि फुगली. बादलीजवळच्या खालच्या फांद्यांवरही तुरळक धरली. ताई पहिल्यांदाच म्हणाल्या, "मग झाड बिघडलेलं नाहीच." त्या दिवसानंतर झाड काढण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसरा उन्हाळा

परागासाठी दुसरं झाड लावायला जागा नव्हती. दर वर्षी बादली ठेवणं जमण्यासारखं असलं तरी ते दुसऱ्याच्या झाडावर अवलंबून. म्हणून याच झाडावर स्टेलाचे डोळे भरायचं, म्हणजे सालीखाली बसवून त्यांतून स्टेलाच्या फांद्या वाढवायचं, ठरलं. आदल्या वर्षी राखलेले पानसोट इथे कामाला आले. पेन्सिलीच्या जाडीचे, उन्हातले, जोम असलेले. डोळा भरायला याहून चांगली फांदी जुन्या झाडावर मिळत नाही.

स्टेलाच्या निरोगी झाडावरून चालू वर्षाच्या फुटीची डोळकाडी घेतली. पानाचं पातं कापून देठ तेवढा ठेवला. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात साल लाकडापासून सहज सुटत होती तेव्हा उभी-आडवी चीर देऊन डोळे आत सरकवले आणि पट्टीने घट्ट बांधले, डोळा उघडा ठेवून. दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावायचं. हलक्या स्पर्शाने देठ स्वच्छ गळून पडला तर डोळा जगला. सुकून चिकटून राहिला तर गेला. भरलेल्या चार डोळ्यांपैकी दोन जगले. पुढच्या वसंतात डोळे फुगताना त्यांच्या वरचा पानसोट कापला, आणि मोसमाबाहेर घेतलेला हा एवढाच काप. त्या फांद्यांना ठळक खूण बांधून ठेवली, कारण परक्या हाताला त्या साध्या पानसोटासारख्याच दिसतात आणि पुढच्या छाटणीत पहिल्यांदा त्याच जातात.

बाकी छाटणी पहिल्या वर्षासारखीच: आणखी एक उंच फांदी उतरवली, नवे पानसोट कोवळे असतानाच हाताने खुडले. हिरवे असताना खुडलेल्या पानसोटाची जखम बारीक राहते आणि लवकर सुकते. शेंड्यांवर काळा मावा आला होता. गुंडाळलेली पानं छाटणीतच निघाली. बुंध्याभोवतीचं गवत काढून आच्छादन घातलं, खोडाला टेकू न देता. ताई वाफ्यांना देत असलेलं नत्रयुक्त खत झाडाच्या मुळांपर्यंत जात होतं आणि त्यानेही जोर वाढत होता. झाडाकडच्या वाफ्याला ते बंद केलं.

तिसरा उन्हाळा

या वर्षी पहिल्या वर्षापासून टाळत आणलेला प्रश्न पुढे आला: सर्वांत खालची, स्पर मेलेली फांदी. ती वाफ्यावर सावली करत होती आणि फळही देत नव्हती. ताईंचं म्हणणं, ती काढा. काकांचं म्हणणं, हाताला येणारी तेवढी एकच फांदी आहे. दोघांचंही बरोबर होतं. मी फांदी टोकाकडून बुडाकडे तपासली. बुडाजवळच्या भागात तीन-चार जिवंत स्पर आणि एक बाहेर जाणारी कोवळी फूट होती. वरचं छप्पर उतरल्यावर ऊन मिळून ती आलेली. फांदी त्या फुटीपर्यंत मागे घेतली. वाफा मोकळा झाला आणि हाताजवळ फळ धरणारं लाकूड राहिलं. पहिल्याच उन्हाळ्यात ती फांदी काढली असती तर ही फूट कधी आलीच नसती.

निष्पत्ती

तीन उन्हाळ्यांनंतर झाड साडेचार मीटरच्या थोडं खाली आहे. ठरलं होतं चार. खुंट जोमदार आहे, बहुधा बियांपासून वाढलेला, आणि अशा खुंटावर याहून खाली जायचं म्हणजे पुन्हा पानसोटांना आमंत्रण. चारांपैकी तीन वाफ्यांना भाजीपुरतं ऊन मिळतं, चौथ्यात ताई आता पालेभाजी घेतात. झाडावर जाळी टाकता येते, आणि जाळी जमिनीपर्यंत ताणून बांधल्यामुळे पक्षी अडकत नाहीत.

फळं परत आली, पण पूर्वीइतकी नाहीत. स्टेलाच्या फांद्यांवर अजून फुलं यायची आहेत, तोवर बादली चालू आहे. पिकताना पाऊस पडला त्या वर्षी बरीच फळं तडकली. पिकलेली चेरी सालीतून पाणी शोषते आणि साल ताण सहन करत नाही. त्यावर छाटणीचा इलाज नाही. कॅन्करच्या जागी जखम कडेने गोल भरत आली आहे. एका दुसऱ्या कापाशी थोडा डिंक दिसतो, तिथे ओरखडा काढला तर साल हिरवी निघते, म्हणून सध्या नुसतं लक्ष ठेवलं आहे. मुळांपासून येणारे धुमारे मात्र वाढले. ते कापले की दुप्पट येतात, म्हणून माती उकरून बुडापासून ओढून काढावे लागतात.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त संधी होती शेजारचं झाड पडण्याआधी. त्याच्यावरून दोन डोळे या झाडावर भरले असते तर फळं बहुधा थांबलीच नसती. पलीकडचं झाड आपलं पीक धरतं हे कोणाच्या मनात येत नाही, म्हणून एकट्या चेरीच्या प्रत्येक मालकाला मी आता आजूबाजूच्या झाडांबद्दल पहिल्यांदा विचारतो.

हिवाळ्यातला तो काप झालाच नसता तर तिन्ही उन्हाळ्यांतलं निम्मं काम वाचलं असतं. शेजाऱ्यांची तक्रार पलीकडे जाणाऱ्या दोन फांद्यांबद्दल होती. त्या दोन फांद्या उन्हाळ्यापर्यंत थांबून मागे घेतल्या असत्या तर तेवढ्याने भागलं असतं.

आणि लावतानाच विचार झाला असता, तर हे प्रकरण उद्भवलंच नसतं. खुंटाचं नाव विचारून, चिठ्ठी जपून, स्वतः फळणारी जात बुटक्या खुंटावर लावायची. कलमाची गाठ मातीच्या वर ठेवायची, नाहीतर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा बुटकेपणा वाया जातो. पहिल्या वसंतात डोळे हलू लागले की शेंडा गुडघ्याच्या थोडा वर कापायचा, म्हणजे फांद्या खालून फुटतात. पुढची दोन-तीन वर्षं कोवळ्या फांद्या वाकवून बांधायच्या. सिकेटरने होणारं काम करवतीपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

झाड ठेवण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर माझं मत आजही तेच आहे. केवळ फळ आणि जागा पाहिली तर नवं बुटकं रोप उजवं ठरलं असतं. या वेळेपर्यंत ते फळत असतं आणि कमी हात मागत असतं. इथे काकांचं त्या झाडाशी असलेलं नातं हाही हिशेबातला खरा भाग होता आणि त्यांनी तीनही उन्हाळे स्वतः काम करून त्याची किंमत भरली. पुढे त्यांना शिडीवर चढणं जमेनासं होईल तेव्हा दर उन्हाळ्याची छाटणी कोण करणार, हे अजून ठरलेलं नाही. ताईंनी यंदा पानसोट खुडायला शिकून घेतले आहेत. उंच फांद्यांचे काप त्यांनी अजून स्वतः घेतलेले नाहीत, आणि स्टेलाला फुलं आल्यावर खालचे बांधलेले पानसोट किती ठेवायचे, हा पुढच्या उन्हाळ्याचा निर्णय आहे.